फिरोजा कुणी सोडली?

परंडा ठाण्याच्या सहायक निरीक्षक उमादेवी बिराजदार खुर्चीत बसताहेत तोच फोन वाजला.

"मॅडम, फिरोजा पाण्याच्या मधोमध उभी हाय. धूर न्हाय, भोंगा न्हाय. हनीफचाचाला हाका मारून मारून घसा बसला. चाचा दिसंना."

फोन धरणावरच्या एका मच्छीमाराचा होता. उमादेवींनी टोपी उचलली आणि हवालदार लिंबाजीला गाडी काढायला सांगितलं.

फिरोजा म्हणजे वाफेवर चालणारी लाँच. एकेकाळी ती मुंबई बंदरात भाऊच्या धक्क्यावरून रेवसला माणसं नेत असे. पुढं डिझेलच्या लाँची आल्या आणि ही गाळात पडून राहिली. भंगारवाले तिच्यावर घाव घालणार, तेवढ्यात परंडा तालुक्यातले मोठे जमीनदार हिंमतराव यांनी ती विकत घेतली. तिचे तुकडे करून ट्रेलरवरून इथं आणले, धरणाच्या काठावर पुन्हा जोडले. लोक हसले. समुद्रापासून इतक्या लांब, वेड्या बाभळीच्या रानात आगबोट! पण धरणाच्या पाण्यानं पलीकडची पांढरवस्ती तोडली होती. गाडीरस्त्यानं मोठा वळसा पडायचा. फिरोजा सुरू झाली आणि वस्तीची माणसं बाजाराला, दवाखान्याला, सोनारीच्या भैरवनाथाला तिच्यातून जाऊ लागली. कोळशाऐवजी बाभळीची लाकडं जळायची, एवढाच फरक.

आणि तिच्यासोबत आला तिचा इंजिन ड्रायव्हर हनीफ. मूळचा परंड्याचाच. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला पळालेला, कोळसा ओढणारा म्हणून फिरोजावर चढलेला. म्हातारपणी तिच्याबरोबरच गावाकडं परतला. लग्न केलं नाही. परंड्यात बहीण होती, तिच्याकडं ईदला जायचा. एरवी लाँचवरच निजायचा.

"दोन दिवसांवर सोनारीची यात्रा," लिंबाजी गाडी चालवता चालवता म्हणाला. "हिंमतरावांनी पाहुण्यारावळ्यांना बोलावलंय. फिरोजातनं फेरी मारायची म्हणून सगळीकडं पुकारलंय. आन् आता हे."

धरण दिसलं. उन्हाळ्यानं पाणी मागं सरकलेलं. मधोमध फिरोजा थोडी एका कुशीवर कलून उभी होती.

मच्छीमाराच्या होडीतून दोघं तिथं गेले. होडीवाला म्हणाला, "हितं खाली जुनं गावठाण हाय, धरणात बुडालेलं. त्याच्या टेकाडावर बसलीया बगा. हनीफचाचाला हे टेकाड अंधारात बी ठावं होतं. त्यानं कवाच हिकडनं लाँच न्हेली न्हाय."

उमादेवी वर चढल्या.

प्रवाशांचे बाक रिकामे. एका बाकाखाली कुणाची तरी विसरलेली भाकरीची फडकी. हनीफची खोली म्हणजे इंजिनाशेजारचा कोपरा होता. एक पत्र्याची पेटी, घडी घातलेली सतरंजी, दोरीवर बनियन. उशाशी वाचायचा चष्मा. पायताण मात्र नव्हतं.

खाली बॉयलरपाशी त्या वाकल्या. अजून सकाळच होती. त्यांनी बॉयलरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

गार.

भट्टीचं दार उघडं होतं. आत राख. बाहेर लोखंडी फरशीवर अर्धवट जळालेल्या बाभळीच्या ओंडक्यांचा ढीग, पाणी ओतून विझवलेला. बॉयलरच्या पोटावर खडूनं गोल काढलेले होते, आणि प्रत्येक गोलात क्षाराचा पांढरा ओघळ वाळलेला. तळाशी एक जाड नळी लाँचच्या कुशीतून बाहेर जात होती. तिची तोटी, म्हणजे कॉक, पूर्ण उघडा होता. पाण्याची पातळी दाखवणारी काच कोरडी ठणठणीत.

"पाणीच न्हाय आत?" लिंबाजीनं विचारलं.

"नाही."

उमादेवींचे वडील साखर कारखान्याच्या बॉयलरवर होते. शाळा सुटली की वडलांचा डबा घेऊन त्या तिथं जायच्या. बॉयलर हे जनावर आहे, ते हळूहळू तापवायचं आणि हळूहळू निववायचं, असं वडील सांगत. घाई केली की ते फाटतं. वडील जाऊन आता काळ लोटला होता. ठाण्यात हे सांगावं असं कुणी नव्हतं.

"आत्महत्या, मॅडम," लिंबाजी म्हणाला. "एकटा जीव. चष्मा काढून ठिवला, लाँच मधी आणली, उडी टाकली."

"उडी टाकणारा पायताण घालून टाकतो?"

लिंबाजी पायताण शोधायला बाकांखाली वाकला.

हिंमतरावांचा बंगला अलीकडच्या काठावर, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर होता. ते व्हरांड्यात बसले होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरंशुभ्र धोतर, ताठ मान. एक पाय स्टुलावर. घोट्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं, इतकं सैल की वाऱ्यानं त्याचं टोक हलत होतं. कडेला पिवळा डाग.

"काय झालं पायाला?"

"काल दुपारी पायरीवरून मुरगळला. हळदीचा लेप दिलाय." त्यांनी समोरच्या पाण्याकडं पाहिलं. "हनीफचं काही कळलं?"

"अजून नाही. तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलं?"

"काल सकाळी. रोज संध्याकाळी मी लाँचवर जातो. आम्ही दोघं चहा घेतो. काल या पायामुळं गेलो नाही."

"लाँच धक्क्यावरून कधी सुटली?"

"आज पहाटे. उजाडत होतं. भोंगा ऐकला म्हणून खिडकीत आलो. फिरोजा धूर सोडत निघाली होती. म्हटलं, यात्रेआधी एकदा चालवून बघत असेल."

"हनीफ दिसला?"

"तेवढ्या अंधुक उजेडात कसा दिसणार? म्हातारा माणूस. कठड्यापाशी आला असेल, तोल गेला असेल." त्यांनी काठीनं पाण्याकडं दाखवलं. "तुम्ही लाँचच्या आजूबाजूला शोध घ्या. तिथंच असेल तो."

"त्याचं कुणाशी वाकडं?"

"वाकडं असं नाही. सुकाणूवर धोंडप्पा आहे. काल दोघांची बोलाचाली झाली. धोंडप्पा कालपासून दिसत नाही."

भिंतीवर एका बाईचा फोटो होता. नऊवारी नव्हे, गोल साडी, खांद्यावर पिशवी, मागं लाँचचा कठडा. उमादेवी तिकडं पाहताहेत हे हिंमतरावांनी पाहिलं.

"माझी मंडळी. रेवसकडची. शिक्षिका होती. मी तेव्हा मुंबईत नोकरीला होतो. फिरोजाच्या वरच्या डेकवर आमची ओळख झाली." ते किंचित हसले. "लोक म्हणतात म्हाताऱ्यानं हौस केली. ती गेल्यावर हे घर खायला उठायचं. फिरोजा भंगारात निघाली असं कळलं, त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी जेवलो."

उमादेवी निरोप घेऊन धक्क्यावर आल्या. दगडी धक्का, दोर बांधायचे दोन लोखंडी खुंट, बुडणाऱ्यासाठी टांगलेलं रबराचं कडं. दोर तिथं नव्हते. लाँचवर चढायची लाकडी फळी मात्र धक्क्यावर होती, आत ओढून घेतलेली, काठापासून चांगली हातभर लांब.

त्या बराच वेळ त्या फळीकडं पाहत उभ्या राहिल्या. मग खाली वाकल्या. धक्क्याच्या दगडांवर तांबूस गंजाचा मोठा पट्टा पडला होता. त्याच्या कडेला बेशरमाची झुडपं. सगळीकडं ती हिरवीगार होती. या एका जागी पानं काळपट, मऊ पडून लोंबत होती, भाजी शिजवल्यासारखी.

"लिंबाजी, मच्छीमारांना बोलवा."

"लाँचपाशी शोध चालू हाय की, मॅडम."

"तिथं नको. इथं गळ टाका. धक्क्याच्या पायाशी."

वारा पश्चिमेचा होता, काठाकडून पाण्याकडं जाणारा. मच्छीमारांनी गळ टाकले. दुपारी एकाचा गळ अडकला. हनीफचं प्रेत वर आलं तेव्हा सगळे मागं सरले. डोक्याला मागं खोल जखम होती. एका पायात पायताण होतं.

बातमी कळताच हिंमतराव काठी टेकत आले. त्यांनी स्वतःचा पंचा प्रेतावर घातला. "पाण्यानं ओढत आणला असेल," ते म्हणाले.

उमादेवी पाण्याकडं तोंड करून उभ्या होत्या. वारा अजून त्यांच्या पाठीवर लागत होता.

पांढरवस्तीला त्या होडीनं गेल्या. पलीकडच्या उतारावर धुरपदाबाई राहायची. विधवा, एकटी. प्रवाशांसाठी चहा-भजी करायची.

"काल शेवटची खेप कधी आली?"

"दिस कलताना. मंग लाँच माघारी गेली. रोजच्यावानी."

"आज पहाटे भोंगा झाला?"

"न्हाय, बाई."

"नक्की? हिंमतरावांनी ऐकला."

"त्येंनी आयकला आसंल. म्या न्हाय आयकला. भोंगा झाला की म्या चूल पेटवती. कोंबडं बी मला उठवीत न्हाय, भोंगा उठवतो. आज उनं घरात आली तरी म्या निजल्यालीच." म्हातारी ओशाळली. "हनीफभाई माझ्यासाटी दोनदा वाजवायचा. येकदा सगळ्यास्नी, आन् येकदा माझ्यासाटी. म्हणायचा, धुरपदा, तुझ्या चुलीचा धूर दिसला की मला बरं वाटतं. दोन्ही कडंला येकेक धूर."

होडीत परतताना लिंबाजी म्हणाला, "म्हातारीला कमी आयकू येतं, मॅडम."

"आपलं सगळं बोलणं तिनं ऐकलं की."

परंड्यात हनीफची बहीण खैरुनबी बाजेवर बसली होती. रडून झालं होतं.

"भाईजान आमचा असून आमचा नव्हता, बाई. सारी जिंदगी दर्यावर गेली. हितं आला तर बोलायचं कुणाशी? मी शेरडं-कोंबड्यांचं बोलायची, तो भरती-ओहोटीचं. एक हिंमतरावच होते. त्यांच्यापाशी त्याचं मन मोकळं व्हायचं."

"एवढ्यात काही बोलला होता? काळजीत होता?"

"जुम्म्याला आला होता. जेवला न्हाय. म्हणाला, खैरुन, ती थकली गं. मी म्हटलं कोण? म्हणाला, फिरोजा. आता तिला आराम द्यायला पाहिजे, पण मालक ऐकत न्हायत. यात्रेला तिच्यात माणसं कोंबणार. लेकरं, बायका. मला झोप लागत न्हाय म्हणाला."

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा अहवाल आला. डोक्याला मार, नखांत शेवाळ, म्हणजे बेशुद्धी नाही, मग बुडून मृत्यू. वेळ प्रेत सापडण्याच्या आदल्या संध्याकाळची. त्याच दिवशी बॉयलर तपासणारे अधिकारी येऊन फिरोजावर हातोडी आपटून गेले. आणि लिंबाजीनं धोंडप्पाला कुर्डुवाडीच्या स्टँडवरून आणलं.

धोंडप्पा चाळिशीचा, आडव्या बांध्याचा. खुर्चीच्या टोकावर बसला.

"पळालास का?"

"पळालो न्हाय. मालकांनी धाडलं हुतं. बातमी कळली आन् माघारी यायचं धाडस झालं न्हाय."

"कशासाठी धाडलं?"

त्यानं दाराकडं पाहिलं.

"हनीफशी भांडण कशावरून झालं?"

"चाचा म्हणत हुता यात्रेला लाँच न्हाय काढायची. बॉयलर झिरपतोय. जितं झिरपलं तितं खडूनं खूण करायचा. म्या म्हटलं मालकांनी सगळ्यास्नी बोलावलंय, माजी बी सासुरवाडी येणाराय. चाचा लई तापला."

"मग कुर्डुवाडीला?"

"तितं येक म्हातारा ड्रायव्हर हाय. पूर्वी वाफेचं रेल्वे इंजिन हाकायचा. मालक म्हणाले, त्याला सकाळी घिऊन ये. हनीफ न्हाय तर तो चालवील. कुणाला बोलू नगो." धोंडप्पानं मान खाली घातली. "म्या व्हय म्हणालो."

"आणि हनीफला कळलं कसं?"

"म्याच सांगितलं. निघताना ऱ्हावलं न्हाय. शेवटची खेप करून लाँच धक्क्याला लागली हुती. चाचानं काय बी म्हटलं न्हाय. नुसतं म्हणाला, जा तू."

"तेव्हा हिंमतराव कुठं होते?"

"फाट्याला. मला यष्टीत बशिवलं न् माघारी धक्क्याकडं वळले."

"गाडीनं आले होते फाट्यापर्यंत?"

"न्हाय, चालत. संगट चालत आलो आमी. लाँचवरनं उतरलो तर वाटंवर भेटले."

उमादेवींनी लिंबाजीकडं पाहिलं.

"धोंडप्पा, एक सांग. तापलेल्या बॉयलरचं पाणी एकदम सोडून दिलं तर?"

धोंडप्पा दचकला. "तसं कुणी करतंय व्हय? नळ्या उखडतात. बॉयलर मेला म्हणायचा. चाचा तर मेला तरी तसं करणार न्हाय."

संध्याकाळी उमादेवी पुन्हा बंगल्यावर गेल्या. धोंडप्पाला आणि लिंबाजीला सोबत घेतलं होतं. हिंमतराव तिथंच बसले होते, त्याच खुर्चीत. घरात दुसरं कुणी नव्हतं. गड्यानं पाणी आणून ठेवलं आणि तो निघून गेला.

"बसा," हिंमतराव म्हणाले. "धोंडप्पा सापडला म्हणायचा."

"सापडला. पण त्यानं काही केलेलं नाही. तो कुर्डुवाडीला होता. तुम्हीच पाठवलं होतं."

हिंमतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आधी मला वाटलं, कुणीतरी फिरोजाचा घात केला," उमादेवी म्हणाल्या. "बॉयलर रिकामा, कॉक उघडा. मग प्रश्न पडला, रिकाम्या बॉयलरवर लाँच मधोमध गेली कशी? वाफ नाही तर इंजिन नाही. कदाचित तिथं गेल्यावर पाणी सोडलं असेल. पण तसं नव्हतं. ते उकळतं पाणी धक्क्यावर सुटलं. दगडांवर गंजाचा पट्टा आहे. बेशरमाची पानं शिजलीत. म्हणजे लाँच धक्क्याला बांधलेली असतानाच बॉयलर मेला होता."

"मला यातलं काही कळत नाही. मी आपला प्रवासी माणूस."

"तेच म्हणते मी. तुम्ही सांगितलंत, पहाटे भोंगा ऐकला, धूर पाहिला. धोंडप्पा असं कधीच बोलला नसता. त्याला माहीत आहे, भोंग्यालासुद्धा वाफ लागते. गार भट्टी पेटवून वाफ धरायला अर्धा दिवस जातो. पहाटे सुटलेल्या लाँचचा बॉयलर मी गेले तेव्हा हात लावू देणार नाही इतका तापलेला हवा होता. तो गार होता. ओंडके विझवून बाहेर काढलेले होते. तुम्ही डेकवर बसलात, खाली भट्टीपाशी कधी उतरला नाहीत. तुमच्यासाठी फिरोजा म्हणजे भोंगा आणि धूर. म्हणून तुम्ही तेच सांगितलंत."

"मग गेली कशी ती?"

"वाऱ्यानं. दोर सोडले आणि वाऱ्यानं तिला गावठाणाच्या टेकाडावर नेऊन बसवलं. आता दोर कुणी सोडले? फळी धक्क्यावर होती, आत ओढलेली. हनीफ लाँचवर असता तर फळी लाँचवर असती, नाहीतर पाण्यात. शेवटचा माणूस काठावर उभा होता, हिंमतराव."

खाली पाण्यावर एक होडी काठाला लागत होती.

"हनीफचं प्रेत धक्क्याच्या पायाशी निघालं. तुम्ही म्हणालात, पाण्यानं ओढत आणला. हा समुद्र नाही. इथं भरती येत नाही, आणि वारा उलटा होता. तो जिथं पडला तिथंच बुडाला."

"माझा पाय मुरगळला होता, बाई. मी त्या दिवशी—"

"दुपारी मुरगळला म्हणालात. संध्याकाळी तुम्ही धोंडप्पाबरोबर फाट्यापर्यंत चालत गेलात. आणि मुरगळलेला घोटा माणूस आवळून बांधतो. सैल फडकं गुंडाळतो ते पोळल्यावर. तो डाग हळदीचा नाही, मलमाचा आहे. बॉयलरच्या नळीचा फवारा धक्क्यावर आला तेव्हा तुम्ही तिथं उभे होता. डॉक्टर बाहेर गाडीत आहेत. बघू द्या त्यांना."

हिंमतरावांनी पायाकडं पाहिलं. मग हळूच वाकून फडकं स्वतःच सोडलं. घोट्यावरची कातडी लाल होऊन सोललेली होती.

"हे मीच सोडलं," ते म्हणाले. "डॉक्टर कशाला."

धोंडप्पा पुढं सरला.

"चाचानं?" तो म्हणाला. "मालकास्नी तर कॉक कुटला ते बी ठावं न्हाय. मंग कॉक चाचानं उघडला?"

"हो," उमादेवी म्हणाल्या. "तू त्याला सांगितलंस, उद्या दुसरा ड्रायव्हर येतोय. त्यानं ओळखलं, आपण नाही म्हणून भागणार नाही. कुणीतरी भट्टी पेटवणारच. तिला कुणी पुन्हा पेटवूच नये, याला एकच उपाय होता. आज तपासणी झाली. खडूच्या गोलांखाली पत्रा कागदासारखा झालाय. यात्रेच्या दिवशी भरल्या लाँचमध्ये तो फाटला असता. त्यानं भट्टी विझवली आणि पाणी सोडलं. स्वतःच्या हातानं मारलं तिला."

हिंमतराव बोलू लागले. आवाज शांत होता, जुन्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसा.

"मी फाट्यावरून आलो. तो लाँचच्या कठड्यापाशी उभा होता. मला म्हणाला, मालक, जवळ येऊ नका, पोळाल. मला कळेना. तो आत उतरला आणि मग तो आवाज झाला. सगळीकडं वाफ. वाफेत मला काही दिसेना, नुसता तिचा आवाज. जनावर कापल्यासारखा. थांबला तेव्हा हनीफ धक्क्यावर आला होता, रडत होता. म्हणाला, झालं. आता तिला कुणी हात लावणार नाही." त्यांनी ओठ पुसले. "मला एवढंच कळलं, त्यानं तिला मारलं. मी त्याला ढकललं. दोन्ही हातांनी. तो मागं गेला, डोकं लाँचच्या कडेवर आपटलं आणि मधल्या फटीत पडला."

"तो बेशुद्ध झाला नव्हता."

"नव्हता."

"धक्क्यावर रबराचं कडं टांगलेलं आहे. बुडणाऱ्यासाठी."

"आहे."

"मग?"

हिंमतरावांनी सोडलेल्या फडक्याची घडी घातली.

"मी मनात म्हटलं, टाकतो. हात उचलला की टाकतो. पण मी तो उचलला नाही. मी त्याला म्हणणार होतो, तू तिला का मारलंस ते आधी सांग. तो वर आला, दगडाला धरू लागला, शेवाळानं हात निसटले. मग आला नाही. आणि मग मला भीती वाटली. फळी ओढली, दोर सोडले. ती जाताना आवाज करत नव्हती. मी तिला अशी कधी जाताना पाहिली नव्हती." ते फोटोकडं वळले नाहीत, पाण्याकडंही नाही. "बाई, रोज संध्याकाळी तो माझ्याशी बोलायचा. दुसरं कोण बोलतं माझ्याशी? जमिनीचं बोलतात. माझ्याशी नाही."

लिंबाजीनं त्यांना उठायला हात दिला. ते काठी न घेताच गाडीकडं निघाले, मग पोळलेला पाय टेकवला आणि थांबले. धोंडप्पा नकळत पुढं झाला आणि त्यांच्या काखेत हात घातला. अर्ध्या वाटेवर त्यानं हात काढून घेतला.

प्रेत त्या संध्याकाळीच परंड्याला न्यायचं होतं. उमादेवी खैरुनबीच्या घरी पोचल्या तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. पांढरवस्तीची माणसं. लाँच नव्हती, म्हणून सगळी गाडीरस्त्यानं वळसा घालून आली होती, काही टेंपोत, काही चालत. कुणाच्या अंगावर बाजाराचे कपडे, कुणी शेतातून तसेच. जनाजा उचलायला पुरुष इतके झाले की खांदा बदलायला रांग लागली. बायका आत खैरुनबीभोवती बसल्या होत्या. धुरपदाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला तिथल्या कुणाची ओळख नव्हती, पण तिला कुणी उठ म्हटलं नाही.

खैरुनबीनं उमादेवींना बाजूला नेलं.

"त्यांनी केलं?"

"त्यांनीच."

खैरुनबीनं पदर तोंडावर धरला. रडली नाही. मग तिनं विचारलं, "बाई, पाण्यात असताना त्यानं कुणाला हाक मारली का?"

उमादेवींनी ते हिंमतरावांना गाडीत विचारलं होतं. सांगावं की नाही, हे त्यांना वाटेवर ठरवता आलं नव्हतं.

"मारली," त्या म्हणाल्या. "हिंमत, अशी. मालक न म्हणता."

खैरुनबीनं मान हलवली. बाहेर जनाजा उचलल्याचा गलका झाला. ती दारापर्यंत गेली आणि गल्लीतल्या एवढ्या डोक्यांकडं बघत उभी राहिली.

"इतकी माणसं वळखत होती त्याला," ती म्हणाली. "मला हे तो कधीच बोलला न्हाय."